165 टनांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन: ठाणे-बेलापूर ते बाभळेश्वर

माल एकच आहे: 315 एमव्हीए, 400/220 केव्हीचा ट्रान्सफॉर्मर. तेल, बुशिंग, रेडिएटर, कॉन्झर्व्हेटर सगळं काढून नुसती टाकी आणि आतला गाभा, तरी वजन 165 टन. लांबी साडेआठ मीटर, रुंदी 3.4, उंची 4.1. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यातून निघून नगर-मनमाड रस्त्यावरच्या बाभळेश्वरच्या उपकेंद्रात पोचायचं. मध्ये कसारा घाट. मोटारीने हा प्रवास काही तासांचा, ओडीसीला दहा दिवस धरायचे. ओडीसी म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो. या धंद्यात कुणी पूर्ण नाव घेत नाही.

निघण्याआधी

साध्या जोडगाडीला एकूण वजनाची कमाल मर्यादा 55 टन आणि रुंदीची 2.6 मीटर. आपला माल दोन्हींच्या पलीकडचा, म्हणून हायड्रॉलिक अ‍ॅक्सलचा ट्रेलर. इथे 14 लाइन, म्हणजे चाकांच्या 14 आडव्या ओळी, लावल्या आहेत. एका लाइनला आठ टायर, म्हणजे एकूण 112. दोन लाइनमधलं अंतर दीड मीटर, म्हणून पाटा, म्हणजे माल ठेवायचा ट्रेलरचा सपाट मंच, 21 मीटरचा. प्रत्येक लाइनचं स्वतःचं वजन चार टनांच्या आसपास, म्हणजे ट्रेलर 56 टन. त्यात 165 मिळवले की 221, आणि 14 ने भागलं की एका लाइनवर 15.8 टन. मर्यादा 18 टनांची आहे. बारा लाइनमध्येही हिशेब कसाबसा बसला असता, पण पुलावर वजन जितकं लांब पसरेल तितकं बरं. अ‍ॅक्सलवर पैसे वाचवायला जाणाऱ्याचा खर्च पुढे पूल हे वजन पेलेल का त्याच्या अहवालात निघतो.

रूट सर्व्हे जीपवर उंचीचा दांडा बांधून करतात. पाट्याची मधल्या स्थितीतली उंची 1.15 मीटर, म्हणजे रस्त्यापासून मालाचा माथा 5.25 मीटरवर. हायड्रॉलिकने पाटा 30 सेंमी खाली बसवता येतो, 30 सेंमी वर उचलता येतो. महामार्गावरच्या पुलाखाली 5.5 मीटर मोकळी उंची धरलेली असते, पण पुलावरच्या पाटीवर विसंबू नये. डांबराचा नवा थर बसला की उंची तेवढी कमी होते आणि पाटी तशीच राहते. पुलाखाली रस्ता खोलगट असेल तर आणखी एक पेच. पाटा सरळ आणि ताठ, खालचा रस्ता मात्र बशीसारखा, त्यामुळे मधोमध ठेवलेला ट्रान्सफॉर्मर तिथल्या रस्त्यापासून जास्त उंच भरतो. म्हणून पुलाच्या दोन्ही बाजूंना पाटाभर अंतर धरून रस्त्याची लेव्हल घ्यावी लागते. फक्त गर्डरखालचं माप पुरत नाही. रेल्वे फाटकं या मार्गात मुळातच टाळली आहेत, कारण विजेच्या तारा असलेल्या फाटकावर उंचीची कमान 4.67 मीटरला असते आणि त्यावरच्या मालासाठी तारांचा वीजपुरवठा बंद करून घ्यावा लागतो.

परवानगी ज्या मार्गाची, त्याच मार्गाने जायचं. मध्येच बरा रस्ता दिसला म्हणून वळलं तर पुलांचा अहवाल, विमा, पोलिसांची वेळ सगळंच निरर्थक होतं.

पहिला दिवस: चढवणं

टाकीला चार जॅकिंग पॅड असतात. त्यांच्याखाली 100 टनी चार जॅक. चारही एकदम उचलायचे नाहीत, हा इथला पहिला कायदा. आधी एका टोकाचे दोन उचलायचे, ते चार-पाच सेंमी वर येईपर्यंत खाली लाकडी स्लीपरचं पॅकिंग सारत राहायचं, लॉकनट घट्ट करायचा, मग दुसरं टोक. चारही जॅक एकाच वेळी तेलावर असले आणि एकाचं सील गेलं, तर 165 टन बाकीच्या तिघांवर तिरके येतात. उचलण्याचा अंदाज चुकू नये म्हणून खलाशी (अवजड माल हलवणारे कामगार) पॅकिंगची फट डोळ्यांसमोर ठेवतात. टाकी आणि स्लीपरमध्ये दोन सेंमीपेक्षा जास्त फट कधीच राहू देत नाहीत.

उंची जमली की खाली रुळासारखे बीम, त्यावर ग्रीस, आणि ढकलजॅकने टाकी सरकवत ट्रेलरवर. इथे ट्रेलर स्वतःच मदतीला येतो, कारण पाटा वरखाली करून बीमच्या पातळीला आणता येतो.

टाकीवर गुरुत्वमध्याची खूण रंगवलेली असते. ती टाकीच्या बरोबर मध्यावर असेलच असं नाही. ट्रेलरच्या मध्याशी जुळवायची ती ही खूण, टाकीचा मध्य नव्हे. जुळली की नाही ते ट्रेलरची तेलाच्या दाबाची घड्याळं सांगतात. चौदा लाइनचं तेल पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा अशा चार गटांत वाटलेलं असतं. डाव्या गटाचा दाब उजव्यापेक्षा ठळक जास्त दिसला तर माल त्या बाजूला सरकलाय. अशा वेळी साखळ्या बांधायच्या नाहीत, पुन्हा सरकवायचं. पोलादावर पोलाद ठेवलं तर घसरतं, म्हणून मध्ये लाकूड किंवा रबराची चटई, आणि मग 13 मिमीच्या साखळ्या चारही दिशांना, लोड बाइंडरने ताणून.

शेवटी दोन गोष्टी तपासतात. टाकीत कोरडी हवा किंवा नायट्रोजन थोड्या जादा दाबाने भरलेला असतो. घड्याळावर आज दर चौरस सेंमीला 0.25 किलो. शेजारी सिलिंडर आणि रेग्युलेटर जोडून ठेवतात. दुसरी गोष्ट इम्पॅक्ट रेकॉर्डर. तो तिन्ही दिशांच्या धक्क्यांची नोंद वेळेसह ठेवतो. 3 जीच्या (गुरुत्वाच्या तिप्पट धक्क्याच्या) वर एकही नोंद निघाली की पोचल्यावर आतली तपासणी आलीच.

दुसरा दिवस: महापे, शिळफाटा, मुंब्रा बायपास

शहर हद्दीतली हालचाल रात्रीच. रात्री अकरानंतर पायलट गाडी पुढे, मग पुलर (ट्रेलर ओढणारा जड ट्रक), मग ट्रेलर, मागे दुसरा पुलर, त्यामागे पॉवर पॅकचे (हायड्रॉलिकला दाब देणाऱ्या इंजिन-पंपाचे) सुटे भाग आणि हत्यारं घेतलेली गाडी. सपाटीवर वेग 15 किमीच्या आसपास.

शिळफाटा परिसरात बांधकामं सतत चालू असतात. सर्व्हेनंतर आठ दिवसांत बॅरिकेड दीड मीटर आत आलेलं असू शकतं, म्हणून निघायच्या दिवशी दुपारी हा टप्पा पुन्हा मापतात. मुंब्रा बायपासवर रेल्वेवरचा पूल आहे. हा रस्ता 2018 साली काही महिने बंद ठेवून दुरुस्त करावा लागला होता. अशा पुलावर जायची रीत ठरलेली आहे: वेग 5 किमी, गाडी रस्त्याच्या मध्यरेषेवर, पुलावर दुसरं एकही वाहन नाही, मध्येच ब्रेक नाही आणि गिअरही बदलायचा नाही. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) संहितेत अशा अवजड वाहनासाठी 385 टनांचा नमुना दिला आहे. त्यात वाहन मध्यापासून 30 सेंमीपेक्षा जास्त बाजूला जाणार नाही आणि 5 किमीने चालेल असंच गृहीत धरलंय. म्हणजे चालकाने मध्यरेषा सोडली तर अहवालातला हिशेब त्या पुलाला लागू राहत नाही. पूल ओलांडण्याआधी आणि नंतर बेअरिंग आणि सांध्यांचे फोटो घेतात.

पहाटेच्या आत खारेगाव, माणकोली मागे टाकून रांजणोलीच्या पुढे मोकळ्या जागेत गाडी लावायची. जागा आधी ठरलेली हवी, कारण 40 मीटरहून लांब गाडी उजाडताना ‘कुठेतरी’ लावता येत नाही.

तिसरा दिवस: वडपे ते शहापूर

हा टप्पा तुलनेने सोपा. पडघ्याजवळच्या अर्जुनली टोलनाक्यावर डावीकडची शेवटची रुंद लेन. साधी लेन 3.2 मीटरची, आपला माल 3.4 चा. रुंद लेनमध्ये बहुतेक वेळा भंगार बॅरिअर, सिमेंटचे ठोकळे, कुणाची तरी बिघडलेली गाडी असते; पायलट गाडीने अर्धा तास आधी जाऊन ती मोकळी करून ठेवायची.

चौथा दिवस: खर्डी, थांबा

घाटाआधी एक दिवस थांबणं हे आळसाचं लक्षण नाही. या दिवशी 112 टायर एकेक करून बघतात. जोडटायरमधला आतला पंक्चर असेल तर बाहेरून कळत नाही. हातोडीने ठोकून आवाजावरून ओळखतात. हवेचा दाब सगळीकडे सारखा ठेवायचा, नाहीतर शेजारचा टायर दुप्पट वजन घेतो आणि तापून फुटतो. हायड्रॉलिकच्या नळ्या हात फिरवून नव्हे तर कापड फिरवून तपासायच्या, कारण दाबाखालच्या सूक्ष्म गळतीचं तेल कातडीत शिरतं. प्रत्येक अ‍ॅक्सलचा कॉक उघड-बंद करून बघायचा. नळी फुटली तर तो अ‍ॅक्सल गटातून तोडायला हाच कॉक. तो गंजून बसला असेल तर एका नळीपायी गटाचा गट खाली बसतो.

घाटाचा हिशेब इथेच मांडतात. 221 टनांची ट्रेलर-माल जोडी आणि प्रत्येकी 34 टनांचे दोन पुलर मिळून 289 टन. पुलरच्या पाठीवर मुद्दाम वजन लादलेलं असतं, कारण ओढ इंजिनात कितीही असली तरी रस्त्यावर उतरते ती मागच्या चाकांवरच्या वजनातून. 5 टक्के चढाला साडेचौदा टन ओढ, शिवाय चाकं फिरवायलाच पाचेक टन. म्हणजे वीस टन. एका पुलरच्या मागच्या दोन अ‍ॅक्सलवर 26 टन. कोरड्या डांबरावर त्यातले 15 टन ओढीत येतात, ओल्या रस्त्यावर जेमतेम 9. कोरड्यात दोन पुलरना निवांत जमतं. ओल्यात दोघांचे मिळून 18, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरणार. घाटात पहाटे दव किंवा सांडलेलं डिझेल असतंच, म्हणून तिसरा पुलर खर्डीला येऊन उभा राहतो. कसारा-इगतपुरीच्या 37 ला 1 चढावर रेल्वेलाही मागून बँकर इंजिनं लावावी लागतात; कारण तेच.

पाचवा दिवस: कसारा घाट

वाहतूक पोलीस देतील ती वेळ. दोन पुलर पुढे दांड्याने जोडलेले, तिसरा मागे. सुरुवात करताना मागच्याने आधी दांड्याला टेकून भार घ्यायचा, मग पुढच्या दोघांनी एकदम. एकाने झटका दिला तर दांड्याची पिन तुटते, आणि चढावर पिन तुटणं म्हणजे काय हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून दोन खलाशी ट्रेलरच्या दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके हातात घेऊन चालतात, थांबलं की चाकाखाली गुटका. वॉकीटॉकीवर एकाच माणसाचा आवाज. “वस्ताद, पहिल्यातच ठेवा” एवढंच, बाकी सगळे गप्प.

खरं काम पुलरवर नाही, ट्रेलरच्या व्हॉल्व्हपाशी चालतं. वळणावर रस्ता आतल्या बाजूला कललेला असतो. 7 टक्के कल धरला तर तीन मीटर उंचीवरचा गुरुत्वमध्य 21 सेंमी आतल्या बाजूला सरकतो. ट्रेलरचा आधार मुळात अरुंद, डाव्या-उजव्या अ‍ॅक्सलच्या मध्यांतलं अंतर साधारण 1.8 मीटर. हा कल मारायला ऑपरेटर आतल्या बाजूचे गट सव्वासहा सेंमी वर आणि बाहेरच्या बाजूचे सव्वासहा सेंमी खाली घेतो. एकूण फरक साडेबारा सेंमी. हे वळणात शिरता शिरता करायचं, शिरल्यावर नाही, आणि बाहेर पडताना त्याच गतीने परत आणायचं. ऑपरेटरच्या हातात पाणसळ असते आणि नजर घड्याळांवर. एका बाजूचा दाब चढत गेला तर तो हात वर करतो, आणि त्या हाताला चालकही थांबतो, पोलीसही थांबतात.

मागची चाकं वेगळ्याने वळवावी लागतात. पुढचं टोक वळणात शिरलं की मागचा ऑपरेटर मागच्या लाइन उलट दिशेला फिरवतो, नाहीतर 21 मीटरचा पाटा आतल्या कठड्यावर चढतो.

पायी शिर्डीला निघालेल्या पालख्या याच रस्त्याने जातात, पहाटे अंधारात चालणं सुरू करतात. पायलट गाडीने आधीच गाठून पालखीच्या प्रमुखाशी बोलून घ्यायचं. पदयात्री ट्रेलरच्या शेजारून चालू लागले तर गाडी थांबवायची, पर्याय नाही.

घाट चढल्यावर इगतपुरीला नायट्रोजनचं घड्याळ बघा: 0.25 चं 0.3 च्या वर गेलेलं दिसेल. कुणी काही भरलेलं नाही. सहाशे मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे 0.07 ने उतरतो आणि घड्याळ फक्त आतला-बाहेरचा फरक दाखवतं. धोका इथेच आहे: थोडी गळती असेल तर ती या वाढीत झाकली जाते. थंडीचा परिणाम उलटा. 40 अंशांवर 0.25 असलेला दाब वायू 15 अंशांपर्यंत गार झाला की 0.15 च्या खाली येतो, गळती नसतानाही. म्हणून नोंदवहीत दाबासोबत वेळ, टाकीचं तापमान आणि ठिकाण लिहायचंच, आणि तुलना रोज सकाळच्या त्याच वेळेच्या नोंदीशी. घड्याळ शून्यावर गेलं तर बाहेरची दमट हवा आत शिरते, कागदी इन्सुलेशन ओल धरतं, आणि ते वाळवायला उपकेंद्रात व्हॅक्यूम पंप कितीतरी दिवस चालवावा लागतो.

सहावा दिवस: घोटी ते सिन्नर, तारांचा दिवस

घोटीला उजवीकडचं वळण. इथे दुभाजकाचा काही भाग काढलेला हवा; जो काढता येत नाही त्याच्यावरून पाटा पूर्ण वर उचलून जायचं. तिसरा पुलर सोडून द्यायचा, गाडी तेवढी आखूड.

मग गावांमागून गावं आणि डोक्यावर तारा. नियमाने रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार 5.8 मीटरवर हवी, 11 केव्हीची 6.1 वर. प्रत्यक्षात खांब कललेला असतो, दुपारच्या उन्हात तार आणखी झोळ खाते, आणि केबल टीव्ही-फायबरच्या वायरींना तर काहीच नियम लावलेला नसतो. 5.25 च्या मालाला 5.8 ची तार म्हणजे कागदावर 55 सेंमी. उंचवट्यावरून जाताना त्यातले पंधरा-वीस सहज जातात.

लघुदाबाची तार किंवा वायर वायरमनने पुरवठा बंद केल्यावर उचलायची. 11 केव्हीला बांबू लावायचा नाही, कितीही वाळलेला असो. बांबूच्या पोकळीत ओल राहते आणि माणूस उभा असतो तो पोलादाच्या टाकीवर. शटडाऊन, दोन्ही बाजूंना अर्थिंग, वायरमनने स्वतः “बंद आहे” म्हणणं, आणि मगच गाडी हलवणं. शटडाऊनची वेळ आदल्या दिवशी ठरवलेली असते, पण तिथे उसाला किंवा कांद्याला पाणी देणं चालू असतं. शेतकऱ्याला वीज कधी जाणार आणि कधी येणार हे आधी सांगितलं तर लोक स्वतःहून मदत करतात. न सांगता बंद केली तर पुढच्या गावात रस्ता अडतो, आणि तो राग रास्तच असतो.

सातवा दिवस: सिन्नर ते सावळीविहीर

मुसळगाव, पांगरी, वावी, पाथरे. रस्ता रुंद आणि सरळ, इथे वेळ भरून निघतो. सकाळी धुकं असेल तर दहापर्यंत हलायचं नाही.

आठवा दिवस: शिर्डी, राहाता, बाभळेश्वर

गुरुवार आणि शनिवार-रविवार सोडून. शिर्डीतली गर्दी गुरुवारी दुप्पट होते, आणि पोलीस बंदोबस्त मागितला तरी मिळत नाही. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे प्रसिद्ध आहेत. हायड्रॉलिक अ‍ॅक्सल खड्डा झेलतो, पण 5 किमीने. वेगात गेलं की सिलिंडरला तेल हलवायला सवड मिळत नाही आणि धक्का थेट रेकॉर्डरवर जातो. हिवाळा म्हणजे गळीत हंगाम. प्रवरानगरच्या वाटेवर उसाचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. ट्रॉलीबाहेर दोन्हीकडे आलेला ऊस धरला तर तीही ओव्हर डायमेन्शनलच. त्यांना हॉर्न देऊ नये, बैल बुजतात.

नववा आणि दहावा दिवस: पायावर

उपकेंद्राच्या फाटकापासून पायापर्यंतचे शेवटचे दोनशे मीटर सगळ्यात दगा देणारे. खाली काळी माती. वरून भेगाळलेली आणि कडक दिसते, पण केबलच्या चराला पाणी लागलं असेल तर टायर बसतो. मुरूम आणि गिट्टीचा एक फुटाचा थर दाबून, केबल चरांवर 25 मिमीच्या लोखंडी प्लेटा टाकूनच आत घ्यायचं.

उतरवणं म्हणजे चढवण्याचाच उलटा क्रम, पण एक फरक: ट्रान्सफॉर्मरची एचव्ही (उच्च दाबाची) बाजू कुठे आणि एलव्ही (कमी दाबाची) बाजू कुठे हे चढवतानाच ठरवून गाडीचं तोंड तसं आणावं लागतं. पायाशी आल्यावर 165 टन फिरवायचे म्हटले तर एक अख्खा दिवस आणि जॅकिंगचा सगळा धोका पुन्हा. बीम पायाच्या रुळाशी एका पातळीत आले की ढकलजॅक, दर खेपेला अर्धा-पाऊण मीटर, मग दात पुढे घालून पुन्हा.

इम्पॅक्ट रेकॉर्डर टाकी पायावर टेकल्यावरच काढायचा, ट्रेलरवर असताना नाही. मोठे धक्के बरेचदा या शेवटच्या जॅकिंगमध्येच बसतात. तो बनवणाऱ्याच्या आणि विम्याच्या माणसांसमोर उघडतात. मग वायूचा दवबिंदू मोजायचा, गाभ्याचं इन्सुलेशन बघायचं, कारखान्यात घेतलेल्या एसएफआरए (वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीला गुंडाळीचा प्रतिसाद मोजणाऱ्या चाचणीच्या) आलेखावर इथला आलेख ठेवून जुळतो का पाहायचं. गुंडाळी जागची हलली असेल तर ती या आलेखात दिसते.

रिकामा 21 मीटरचा पाटाही ओडीसीच. म्हणून परतीला त्याचे पिन काढून तुकडे करतात, साध्या ट्रेलरवर चढवतात.